उजवा कौल

आबांनी देवमाशाच्या डोळ्यावर कळशीभर खारं पाणी ओतलं, तेव्हा सगळी तारीवाडी त्या डोळ्याकडे बघत होती. एवढं थोरलं धूड, आमच्या रापणीच्या होडीपेक्षा लांब, आणि डोळा मात्र जेमतेम पेल्याएवढा. पाणी पापणीवरून ओघळून पुळणीत जिरलं. पापणी हलली नाही.

"मेलो," लाडूमामा म्हणाले. "आणि किती न्हाणतलंस तेका? नवरो काय तो?"

दोघं-चौघं हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी रिकामी कळशी माझ्या हातात दिली आणि पुन्हा भरून आणायला सांगितलं.

आबा म्हणजे माझे वडील, गुणाजी तारी. वाडीचा मान आमच्या घराकडे होता. नारळी पौर्णिमेला दर्याला पहिला नारळ आबांचा, देवळात गाऱ्हाणं आबांचं, देवाला कौल लावायचा तोही आबांनीच. आणि कधी देवमासा पुळणीवर लागला तर त्याच्यावर पहिली कोयती आमची. माझ्या आज्याच्या वेळी एकदा असा लागला होता म्हणतात. तेव्हाच्या लांब दांड्याच्या कोयत्या आमच्या माळ्यावर पडून होत्या आणि मांजरं त्यांच्यावर नखं घासत. त्या कोयत्यांबरोबर आज्याने एक नेमही ठेवला होता. देवमासा दर्याने मारून दिला तर घ्यायचा, जित्याला कोयती लावायची नाही.

म्हणून ते पाणी ओतणं चाललं होतं. बाकी सगळ्यांना घाई होती, आणि घाई खोटी नव्हती. श्रावण अर्ध्यावर आला होता, दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. रात्रीच्या ओहोटीत देवमासा पुळणीवर अडकला होता, डोकं माडांकडे आणि शेपटी पाण्याकडे. दुपारी उधाण चढलं की दर्या त्याला उचलून नेणार, हे वाडीतलं शेंबडं पोरही जाणत होतं.

आणि आम्हाला तेल हवं होतं. होडी दर्यात ढकलण्याआधी तिच्या फळ्यांना तेल पाजावं लागतं. नाहीतर लाकूड सुकतं, चिरतं, आणि खोल पाण्यात सांधे उघडतात. आम्ही मुशी माशाच्या काळजाचं तेल लावत असू. पण दोन वर्षं मोठी मुशी जाळ्यात आलीच नव्हती. गेल्या वर्षी लोकांनी खोबरेल लावलं, कोणी नुसती राळ थापली, कोणी देवाला हात जोडले.

माझ्या नवऱ्याने राळ थापली होती. दिवाळीनंतरच्या एका निवांत सकाळी, वारा नाही, लाट नाही, अशा दर्यात त्याच्या होडीच्या तळाची फळी उघडली. तो दोन दिवसांनी पुळणीवर आला. होडी आलीच नाही. जगू त्याचं नाव. मी पांढऱ्या कपाळाने माहेरी परत आले ती आबांच्या चुलीपाशी बसले. आता माझा धाकटा भाऊ मोतीराम होडी काढणार होता. त्याची होडी माटवात, झावळ्यांच्या छपराखाली, उभी होती आणि तिच्या फळ्यांमधून पलीकडचा उजेड दिसत होता. रोज सकाळी मी तो उजेड बघत असे. ज्याचं जळतं त्याला कळतं.

तेव्हा कळशी भरून आणली आणि मीच म्हटलं, "आबा, आणि पाणी कित्याक? कौल लावा. देव काय सांगता ता बघूया."

बायकांनी अशा वेळी मधे बोलायचं नसतं. पण विधवेला एक फायदा असतो, तिला आणखी काय शिक्षा करणार?

लाडूमामांनी माझी बाजू उचलून धरली. ते रापणीचे, म्हणजे पुळणीवरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, पुढारी, चाळीस माणसं त्यांच्या हाकेत. "बराबर बोलता चेडू. कल्ले खंय हत तेका? श्वास खंयसून घेतलो? रातभर पाण्याभायर पडलोहा. पाण्याभायर बांगडो किती वेळ जगता, सांग बघू."

आबांनी देवमाशाच्या मानेभोवती, म्हणजे जिथे मान असावी तिथे, एक फेरी मारली. कल्ले नव्हतेच. त्यांनी जबड्याला हात लावून बघितला, शेपटीला पाय लावून बघितला. श्रावणातला दर्या मागे गाजत होता, एवढा की माणसाला माणसाचं बोलणं ओरडून सांगावं लागे.

"मोती, देवळाकडसून तगरीची फुलां घेवन ये," आबा म्हणाले.

देवळातला कौल मी लहानपणापासून बघत आले आहे. ओल्या पाकळ्या पाषाणाच्या उजव्या अंगाला आणि डाव्या अंगाला चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. पाषाण कधी चटकन बोलतो, कधी अख्खी सकाळ खातो, आणि आबा हात जोडून उभे राहून राहून पायाला मुंग्या आणतात. देवमाशाला कौल लावल्याचं मात्र कोणी ऐकलं नव्हतं. पण देव तोही होता.

आबांनी त्याच्या कपाळावर, डोळ्याच्या वर, एक पाकळी उजवीकडे आणि एक डावीकडे दाबून बसवली. उजवी दाबताना त्यांचं बोट क्षणभर थांबलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं ते देवळात अवसर येतो, अंगात देव संचारतो, तेव्हाचं होतं. डोळे मोठे, ओठ अर्धवट उघडे. मला वाटलं, देव आला.

"बा देवा म्हाराजा," आबांनी सुरुवात केली, आणि चाळीस माणसं त्यांच्यामागे उभी राहिली.

"होय म्हाराजा."

"ह्यो तुजो जीव आज तुज्या लेकरांच्या दारात इलोहा."

"होय म्हाराजा."

"तेचो आत्मो तुया घेतलो असशीत, तर आमका उजवो दी. नाय घेतलो असशीत, तर डावो दी. लेकरां अजाण हत, तेंका समजात असा सांग म्हाराजा."

"होय म्हाराजा" पूर्ण म्हणून व्हायच्या आत उजवी पाकळी पडली. डावी जागच्या जागी थरथरली आणि राहिली. असा झटकन कौल देवळात मी कधी बघितला नव्हता. लोकांनी आनंदाने आबांच्या पायांना हात लावले. दुर्गामामी, लाडूमामांची बायको, माझ्या कानात म्हणाली, "बघ गो, तुज्या जगूनच धाडल्यान ह्यो तुज्या भावासाठी." मी रडले. पहिल्यांदाच बरं वाटून रडले.

मग कामाला लागलो. बायकांनी भात उकडायच्या काहिली माडांखाली आणून चुली मांडल्या. पुरुष कोयत्या घासायला बसले. आबांनी शिडीवरून पाठीवर चढून आज्याने सांगितल्याप्रमाणे रेघ मारली. डोक्याच्या मागून शेपटीकडे एक लांब काप, त्याच्यापासून हातभर अंतरावर दुसरा, आणि वरच्या टोकाला आडवा. काळ्या कातड्याखालून पांढरीशुभ्र चरबी उघडली, वीतभर जाड, ओल्या खोबऱ्यासारखी. पट्टीच्या टोकाला भोक पाडून त्यातून काथ्याचा दोर ओवला. दोराचं दुसरं टोक लाडूमामांच्या माणसांकडे.

रापण ओढायची सवय अशी कामाला आली. माणसं पुळणीत पाय रोवून, पाठ टाकून दोर ओढू लागली, "होय शा" म्हणत, आणि आबा वरून पट्टीखाली कोयती फिरवत चालले. चरबी मांसापासून सुटताना चरचर आवाज येई. पट्टी फणसाच्या सालीसारखी उलटी होत होत खाली येई, पुळणीवर आपटे. मग मोती आणि बाकीचे तिचे चौकोनी तुकडे पाडत, आणि आम्ही बायका टोपल्यांतून ते काहिलीकडे नेत असू. तुकडा जड, निसटता, हातात धरवत नसे. राख लावलेल्या हातांनी धरावा लागे.

काहिलीत पहिला घाणा पिवळा झाला आणि तेल सुटलं. वास मुशीच्या तेलासारखा घाण नव्हता, जरा गोडसरच होता. मी बोट बुडवून मनगटावर चोळलं. ते कातडीत मुरलं, दिसेनासं झालं. मला मोतीच्या होडीच्या फळ्या दिसल्या, एकेक करून बंद होताना.

चरबीखालचं मांस लालबुंद निघालं. आम्ही मासे कापून हात झिजवलेल्या बायका, पण असलं मांस माशाचं असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. बोकडाच्या मांसापेक्षा काळपट लाल. लाडूमामा म्हणाले की पट्टी झाली की मांसही काढू, थोडं खारवू, उरेल ते माडांच्या मुळात पुरू, पुढली तीन वर्षं नारळ गुडघ्याएवढे येतील. दोघांनी डाव्या कुशीत कोयती घालून एक मोठा गोळा काढलाही.

त्या गोळ्याची टोपली माझ्याकडे आली. मी ती काखेला लावली आणि माझी कूस ऊबदार झाली.

माशाचं रक्त गार असतं. पाण्यातून काढलेला मासा, बर्फ नसला तरी, हाताला गारच लागतो. मी टोपलीत हात घातला. मांस कोंबडीच्या पोटासारखं गरम होतं. सकाळचं ऊन, मी स्वतःशी म्हटलं. पण आभाळ भरलेलं होतं. मी वर आबांकडे बघितलं. ते पाठीवर गुडघे टेकून थांबले होते, आणि त्यांचा डावा हात मनगटापर्यंत कापाच्या आत होता. ते कापत नव्हते. नुसता हात आत ठेवून बसले होते.

"आबानू?" मोतीने खालून हाक मारली. "काय झाला?"

तेव्हा देवमाशाने श्वास सोडला.

दर्यात देवमासा पाणी उडवतो हे आम्ही लांबून कितीदा बघितलं होतं. तो त्याचा खेळ, असं आम्ही म्हणायचो. तो श्वास असतो, आपल्यासारखाच वारा आत घेऊन बाहेर सोडणं असतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डोक्यावरच्या भोकातून तो वारा सुटला, भात्याच्या आवाजात, लांबलचक, शेवटी ओला आणि फाटका. माणसांच्या अंगावर रक्ताचे बारीक थेंब उडाले. दोर ओढणारी माणसं दोर टाकून पळाली. दुर्गामामीच्या हातची टोपली चुलीत गेली आणि चरबी भडकली.

त्याने डोळा उघडला. काळा, ओला, गाईच्या डोळ्यासारखा. त्याने कोणाकडे बघितलं असं मी म्हणणार नाही. पण तो उघडाच राहिला.

मग सगळे एकदम बोलू लागले. कोणी म्हणे ढकलूया, कोणी म्हणे मारूया. लाडूमामा माडाच्या बुंध्याशी बसून थुंकत होते. पाठ मानेपासून अर्ध्यापर्यंत सोललेली, कुशीत घमेल्याएवढा खड्डा. तो ढकलून कुठे जाणार होता? आणि मारायचा कसा? कोयतीचं पातं त्याच्या चरबीच्या खाली हातभर जाई आणि त्याचं काळीज कुठे आहे ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मोतीने बल्लम आणला, दोनदा खुपसला, दोन्ही वेळा शेपटी पुळणीवर आपटली आणि जमीन हादरली. तिसऱ्यांदा आबांनी त्याच्या हातातून बल्लम काढून घेतला.

"पुरे," ते म्हणाले. "तुका मारूक येवचा नाय. आणि माका."

आबांनी आपलं धोतर सोडलं, लंगोटीवर उभे राहिले, धोतर दर्यात बुडवून आणलं आणि सोललेल्या पाठीवर पसरलं. एवढ्या पाठीला एवढंसं धोतर. मग माझ्या हातातली कळशी घेऊन ते पुन्हा पाणी आणायला गेले. पुन्हा ओतलं, पुन्हा गेले. त्यांना कोणी अडवलं नाही आणि कोणी मदतही केली नाही. मधूनमधून तो श्वास येत होता, दर वेळी आधीपेक्षा लहान. खारं पाणी उघड्या मांसावर पडलं की सगळं अंग शहारत होतं. मी ओरडले, "आबा, तेका झोंबता ता," तेव्हा कुठे ते थांबले.

दुपारी उधाण आलं. आधी शेपटी हलकी झाली, मग पोट. पाणी त्याच्याभोवती लाल होऊन फिरत राहिलं. एका मोठ्या लाटेला तो उचलला गेला, आडवा झाला, आणि मग खरोखर शेपटी मारून वळला. काळ्या पाण्यात त्याच्या पाठीचा पांढरा-लाल पट्टा बराच वेळ दिसत होता. घारी त्याच्यावर उतरत होत्या. तो बुडी मारायचा प्रयत्न करी आणि पुन्हा वर येई. धोतर कधी निसटून गेलं ते कळलं नाही.

पुळणीवर आम्ही राहिलो आणि चार काहिली तेल.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा. वाडी नटली नाही तरी नारळ द्यायला हवा होता. सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन लाडूमामा दारात आले. आबा ओटीवर बसले होते, कालपासून जेवले नव्हते. त्यांनी नारळाला हात लावला नाही.

"मोतीक ने," ते म्हणाले. "माजो मान गेलो."

लाडूमामा वाद घालायला लागले, की कौल घेतला होता, देवाने उजवा दिला होता, मग पाप कोणाचं? आबा ऐकत राहिले. लाडूमामा मोतीला घेऊन गेले तेव्हा आबा उठले आणि परसात आणून ठेवलेल्या काहिलींपाशी आले. मी तेल गाळून मडक्यांत भरत होते.

"दर्यात ओत ता," आबा म्हणाले.

मी मडकं खाली ठेवलं नाही.

"शेवंते, तो अजून जितो असतलो. थय खंयतरी पाण्यात. जित्याचा तेल ता."

"माजो भाव पण जितो आसा," मी म्हटलं. "होडीयेच्या फळयेतसून उजेड दिसता, आबा. मी एकदा बघलंय काय होता ता. परत बघूचंय नाय."

मला त्या देवमाशाची दया आली होती. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. पण मडकं मी सोडलं नाही, आणि आज कोणी पुन्हा मागितलं तरी सोडणार नाही.

आबा काहिलीच्या काठावर टेकले. आपलं उजव्या हाताचं बोट त्यांनी समोर धरलं, काटा रुतलाय का बघावं तसं.

"पाकळी देवान पाडूक नाय," ते म्हणाले. "तेणा पाडल्यान. मी पाकळी लावलंय तेवा ह्या बोटाखाली तेची कातडी थरथरली. पाषाणार चाळीस वर्सां पाकळे लावलंय, कधी थरथर लागली नाय. माका वाटला, आज खरो देव इलो माज्या बोटात. माका केवढा बरा वाटला, शेवंते. आणि तो बिचारो सांगत होतो, मी जितो आसंय. जेवडा तेका सांगूक येय, तेवडा सांगल्यान. आणि आमी म्हटलाव, होय म्हाराजा."

मी त्यांच्या शेजारी बसले. दर्यावरून ढोल ऐकू येत होता, मोतीच्या हातून नारळ पडत असावा.

संध्याकाळी आबा उठले, जुनं पोतं फाडून त्याचा बोळा केला आणि माटवात गेले. मी मडकं धरलं. होडीच्या पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, आतून बाहेरून, एकेक फळी त्यांनी स्वतः तेलाने पाजली. कोणाला हात लावू दिला नाही. सांधा आला की तिथे बोट घालून बघत, तेल आत गेलं का.

ती होडी कधी गळली नाही. मोती तिच्यावर म्हातारा झाला, दोन पोरी उजवल्या, आणि घरात, अंथरुणावर, चारचौघांसारखा मेला. देवमासा आठवड्याने दोन गावं सोडून खाडीच्या तोंडाशी लागला. तिथल्या लोकांनी निरोप धाडला. आबा एकटे चालत गेले, आणि त्याला पुळणीत पुरेपर्यंत परत आले नाहीत. त्यानंतर ते देवळाची पायरी चढले नाहीत.

मान आता मोतीच्या मुलाकडे आहे. चांगला पोरगा, मुंबईहून सुट्टी काढून येतो, गाऱ्हाणं कागदावर लिहून वाचतो. पाकळ्या लावतो, लोक हात जोडतात, पाकळी पडते, सगळे होय म्हाराजा म्हणतात. मी म्हणत नाही. तो पाकळी लावायच्या आधी मी काठी टेकत पुढे जाते. बायकांनी पाषाणाला शिवायचं नसतं, पण म्हातारीला चळ लागलाय म्हणून मला कोणी अडवत नाही. मी पाषाणावर तळहात ठेवते, आणि तो गार आहे एवढं बघून मागे येते.